बंधारा कुणाच्या दप्तरात आहे?

सरपंचताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्या सरपंचांनाही संदर्भ लागेल. गावची लोकसंख्या दोन हजार तीनशे. ओढ्यावर कोल्हापूर पद्धतीचा एक बंधारा, त्याचा डावा काठ गेल्या पावसाळ्यात वाहून गेला. वरच्या अंगाला दोन सिमेंट नाला बांध, दोन्ही गाळाने काठोकाठ. खालच्या वस्तीत दोन वर्षांत तीनदा पाणी शिरलं. जिल्हा परिषदेत गेलात तर निधी नाही म्हणाले, कृषीच्या कचेरीत आमचं काम नाही म्हणाले, आणि एका साहेबांनी सांगितलं, ‘ग्रामपंचायतीने आधी दहा टक्के हिस्सा भरावा, मग बघू.’ तर पैसे भरायचे का, किती, आणि कोणत्या खात्यातून?

लघुपाटबंधाऱ्यात एकतीस वर्षं काढली, शाखा अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. निम्मी नोकरी दुष्काळी तालुक्यात, उरलेली नदीकाठी. त्या जोरावर उत्तर आधी देतो, कारणं नंतर. पूरसंरक्षक भिंतीसाठी ग्रामपंचायतीने एक रुपयाही देऊ नये. बंधाऱ्याच्या काठासाठी द्यायचाच झाला तर सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर, सगळ्यात शेवटी द्यावा. दरवर्षीच्या देखभालीसाठी मात्र कोणी मागितला नाही तरी यंदापासून द्यावा. थोडाच लागतो, पण कुठल्याही योजनेत तो मिळत नाही.

पहिलं काम पैशाचं नाहीच. तिन्ही बांधकामं कुणाच्या दप्तरात आहेत ते शोधा. सरकारात निधी मालकीच्या मागून चालतो. ज्या कामाचा मालक ठरत नाही, त्याच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक कोणी करत नाही. केलं तरी तांत्रिक मान्यता देताना वरचा साहेब पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘ही योजना आपली आहे का?’ आपल्याकडची ढोबळ वाटणी अशी: शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची योजना जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाची. त्यापुढे सहाशे हेक्टरपर्यंत राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाची. त्याहून मोठी जलसंपदा विभागाची. मधली हद्द पूर्वी अडीचशे हेक्टर होती. २०१७ मध्ये मृद व जलसंधारण हा स्वतंत्र विभाग झाला तेव्हा ती सहाशेवर नेली. त्यामुळे जुने कर्मचारी अजूनही अडीचशेच सांगतात, त्यावर वाद घालत बसू नका. तुमचा बंधारा गावच्या ओढ्यावरचा आहे, तो शंभर हेक्टरच्या आतलाच असणार, म्हणजे जिल्हा परिषदेचा. सिमेंट नाला बांधांचं मात्र सांगता येत नाही. ते कृषी विभागाने बांधले असतील, जिल्हा परिषदेने, स्थानिक स्तरवाल्यांनी (राज्याच्या लघुसिंचनाच्या शाखेने) किंवा एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) कुणा संस्थेनेही. बांधावरच्या संगमरवरी पाटीवर विसंबू नका. तिच्यावर उद्घाटन करणाऱ्याचं नाव मोठं असतं, बांधणाऱ्याचं बारीक, आणि मालकाचं नसतंच.

आता भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, तुमच्या ग्रामपंचायतीचा नमुना २२ काढायला सांगा. ही स्थावर मालमत्तेची नोंदवही. निवृत्तीनंतर एका गावात सहज म्हणून ती चाळली होती. समाजमंदिर होतं, व्यायामशाळा होती, स्मशानशेड होती, बंद पडलेला हातपंपसुद्धा होता. गावच्या शिवारात लहानमोठी अकरा जलसंधारणाची कामं, त्यातल्या एकाचीही नोंद नव्हती. आणि जिल्ह्याच्या कचेरीत त्याच अकरांपैकी सात कामं ‘ग्रामपंचायतीस हस्तांतरित’ म्हणून दाखवलेली होती. हस्तांतरणाचं पत्र गेलं होतं, ग्रामपंचायतीने ते घेतलंच नव्हतं, आणि मधल्या मधे सात कामं पोरकी झाली होती. तुमच्या दोन नाला बांधांचं बहुधा हेच झालं असणार. माहिती अधिकारात अर्ज टाका: अमुक गट नंबरलगतच्या नाला बांधाच्या हस्तांतरणाच्या पत्राची आणि त्यावर ग्रामपंचायतीने दिलेल्या पोचपावतीची प्रत द्या. पोचपावती निघाली नाही तर काम अजून बांधणाऱ्याच्याच गळ्यात आहे, आणि तसं लेखी कळवता येतं.

आता पैसा. संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय दिले. त्यात लघुसिंचन, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास हा तिसरा, मृदसंधारण दुसऱ्यात. विषय दिले, पण विषयांबरोबर पैसा आला तो वित्त आयोगाच्या मार्गाने, आणि तोही बांधलेल्या हातांनी. १५ व्या वित्त आयोगाचा हिशेब सांगतो. त्याचा काळ ३१ मार्च २०२६ पर्यंतचा, १६ व्याचा १ एप्रिल २०२६ पासून; नव्या आयोगाच्या अनुदानाला त्याच्या स्वतःच्या अटी लागू, पण तुमच्या खात्यात शिल्लक असेल ती जुन्या अटींची. २०२१ पासून या अनुदानातला साठ टक्के निधी बंधित: तीस टक्के पिण्याचं पाणी, पर्जन्यजल संचय आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी, तीस टक्के स्वच्छतेसाठी. चाळीस टक्के अबंधित. अबंधित निधी २९ विषयांपैकी गावाच्या गरजेच्या कशावरही खर्चता येतो, पगार आणि आस्थापना सोडून.

समजा तुमच्या ग्रामपंचायतीला वर्षाला दहा लाख येतात. तीन लाख पाण्याचे. त्यातून पिण्याच्या विहिरीच्या वरच्या बाजूला पुनर्भरणाचे चर काढता येतात, शाळेच्या छताचं पाणी जिरवता येतं, पाणीपुरवठ्याच्या विहिरीलगतचा नाला बांध दुरुस्त करता येतो. फक्त अंदाजपत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात पिण्याच्या पाण्याचा स्रोत कोणता आणि तो किती अंतरावर आहे हे स्पष्ट लिहायला लावा. लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतो, मी स्वतः दोनदा उत्तरं दिली आहेत. सिंचनाच्या बंधाऱ्याचा काठ मात्र या तीन लाखांत बसवू नका. तो बसला तर अबंधित चार लाखांत. पण त्या चार लाखांवर आधीच गटारं, दिवे, अंगणवाडीची फरशी, मागासवर्गीय वस्तीचं काम, महिला-बालकल्याण असे सगळे टपलेले असतात. आणि ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी. त्यातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी आधीच राखलेले. उरलं किती ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एका काठाच्या दुरुस्तीला पंधरा-वीस लाख सहज लागतात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

त्या दहा टक्क्यांचा उगम सांगतो. जलजीवन मिशनमध्ये गावांतर्गत पाणीपुरवठ्याच्या कामाला दहा टक्के लोकवर्गणी आहे, डोंगराळ भागात आणि अनुसूचित जाती-जमातीबहुल गावांत पाच टक्के. त्याआधी स्वजलधारेतही दहा टक्के होती. पाणलोट विकासात खाजगी शेतावरच्या कामाला लाभधारकाचं योगदान घेतात. ही आकडेमोड डोक्यात बसलेला एखादा साहेब कुठल्याही कामाला दहा टक्के सांगून मोकळा होतो. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीला तुमचा हिस्सा लागतो असं कुठल्या शासन निर्णयात म्हटलंय, त्याचा क्रमांक आणि तारीख द्या, एवढंच नम्रपणे लेखी विचारा. उत्तर येणार नाही. ते आलं नाही हेच तुमचं उत्तर.

मग काठाचा पैसा कुठला? जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या जिल्हा नियोजन समितीतून लघुपाटबंधाऱ्याच्या दुरुस्तीला दरवर्षी तरतूद असते. २५१५ आणि ३०५४ ही लेखाशीर्षं (सरकारी खर्चाच्या खात्यांचे क्रमांक) गावात शेंबड्या पोरालाही पाठ असतात, कारण त्यातून रस्ते आणि सभागृहं होतात. लघुपाटबंधाऱ्याचं २७०२ मात्र कुणी विचारत नाही. रस्त्यासाठी पंधरा सरपंच रांगेत असतात, बंधाऱ्याच्या दुरुस्तीसाठी दोन.

इथे एक आतली गोष्ट सांगतो. जानेवारी-फेब्रुवारीत जिल्ह्यात पुनर्विनियोजन होतं. ज्या खात्यांचा पैसा वर्षभरात खर्च झाला नाही, तो काढून दुसरीकडे वळवतात. त्या वेळी नियोजन कार्यालयातून फोन येतो, ‘तयार प्रस्ताव आहेत का?’ तयार म्हणजे अंदाजपत्रक केलेलं, तांत्रिक मान्यता मिळालेली, ग्रामसभेचा ठराव जोडलेला, जागेचा सातबारा किंवा नाहरकत सोबत. ज्याची फाईल तयार, त्याचं काम. कामाची निकड किती, हे त्या आठवड्यात कोणी विचारत नाही. वाईट आहे, पण आहे. म्हणून ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव करा, दिवाळीआधी शाखा अभियंत्याला जागेवर आणून मोजमाप घ्यायला लावा, डिसेंबरात तांत्रिक मान्यता हातात ठेवा. जिल्हा परिषदेला मिळालेला असा निधी पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत खर्चता येतो, त्यामुळे मार्चमध्ये मंजुरी आली तरी काम पुढच्या उन्हाळ्यात नीट करून घेता येतं. मार्चअखेरीच्या मंजुरीवर घाई करून, पाऊस तोंडावर असताना ओल्या मातीवर भराव टाकून घेऊ नका. तो पहिल्याच पुरात जातो, आणि दुसऱ्यांदा त्याच कामाला पैसा मिळत नाही.

काठ का वाहून जातो ते जवळून बघितल्याशिवाय या सगळ्या खटाटोपाचा अर्थ लागणार नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी किंवा काँक्रीटचे खांब असतात आणि मधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, बसवतात. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन ओळी लावून मध्ये चिकणमाती कोंबायचे. आता लोखंडी बरगे, बहुतेक दोन मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच, खाली-वर रबर. परतीचा पाऊस सरला, साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर प्रवाह बारीक झाला की बरगे टाकायचे. दोन माणसं पहारीने बरगा खाचेत ढकलतात, तिसरा खाली कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो टेकला का ते पायाने चाचपतो. फट राहिली तर प्लॅस्टिकचा कागद, काळी माती, उसाचं पाचट. दोन दिवसांचं काम. आणि जूनच्या आधी सगळे बरगे काढून घ्यायचे, म्हणजे पुराला गाळे मोकळे मिळतात. एवढंच या बंधाऱ्याचं शास्त्र. पावसाळ्यात तो नसल्यासारखा असला पाहिजे.

माझ्याच नोकरीतली गोष्ट. नदीकाठच्या एका तालुक्यात चौदा गाळ्यांचा बंधारा माझ्याकडे होता. मे महिन्यात बरगे काढायला मजुरी हवी होती, बावीस हजार. कार्यालयात ‘देखभाल-दुरुस्ती’खाली त्या वर्षी शून्य. मी फाईल वर पाठवली, ती परत आली, ग्रामपंचायतीने लोकसहभागातून काढावेत असा शेरा मारून. ग्रामपंचायत म्हणाली, बंधारा तुमचा, आम्ही का काढू. या टोलवाटोलवीत पाच गाळे मोकळे झाले, नऊ राहिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री वरून लोंढा आला. नऊ गाळ्यांवर झाडं, पाचट, गवताचे भारे अडकले. पाण्याला सरळ वाट मिळेना, मग त्याने उजव्या काठाची माती धरली. सकाळी गेलो तेव्हा बंधारा जागच्या जागी उभा होता आणि नदी त्याच्या शेजारून वाहत होती. एका शेतकऱ्याची काठाकडची चाळीस मीटर जमीन गेली होती. तो काही बोलला नाही, नुसता उभा राहून बघत होता. काठाच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक मीच केलं, अडतीस लाखांचं. ते मंजूर झालं, विशेष खळखळ न करता. बावीस हजारांना कुठल्याही लेखाशीर्षात जागा नव्हती.

तुमचा डावा काठ गेला तेव्हा बरगे कुठे होते, हे गावात विचारा. मला उत्तराचा अंदाज आहे.

ज्या शेतकऱ्याची जमीन खरडून गेली त्याला काय मिळतं, हेही लोक विचारतात म्हणून सांगतो. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत गाळ साचलेल्या शेताला हेक्टरी १८,००० आणि नदीने पात्र बदलून जमीन वाहून गेली असेल तर हेक्टरी ४७,००० रुपये आहेत, अल्प-अत्यल्पभूधारकांना. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सीनाकाठ बुडाला, त्यानंतर राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडलेल्या जमिनीला रोख ४७,००० शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांची कामं धरली होती. यासाठी पंचनामा लागतो आणि पंचनाम्यात ‘पीक नुकसान’ एवढंच लिहून तलाठी गेला तर जमिनीचे पैसे मिळत नाहीत. त्या दिवशी तुम्ही किंवा पोलीस पाटील तिथे हजर पाहिजेत.

आता खालच्या वस्तीचा पूर. इथे तुमचं मन थोडं दुखावेल. बंधारे दुरुस्त केले, गाळ काढला की वस्तीत पाणी येणार नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. साधा हिशेब करू. एक हेक्टरवर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे शंभर घनमीटर पाणी. तुमच्या ओढ्याचं पाणलोट पाचशे हेक्टर धरलं आणि एका रात्रीत शंभर मिलिमीटर पडला, तर पाच लाख घनमीटर पाणी पडलं, आमच्या भाषेत पाचशे टीसीएम (हजार घनमीटर). त्यातला निम्माही वाहून आला तरी अडीचशे. तुमच्या बंधाऱ्याच्या आकाराची कामं पन्नास-साठ टीसीएम साठवतात, नाला बांध दोन-पाच, आणि तेही आधीच रिकामे असतील तर. पावसाळ्यात बंधाऱ्याचे बरगे काढलेले असतात, म्हणजे तो पूर अडवायला नाहीच. पूर जरा मंद होतो तो माथ्यावरच्या कामांनी. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल सलग समतल चराचा (उतारावर एकाच उंचीने आडव्या खणलेल्या चराचा) एक मीटर म्हणजे १८० लिटर. दहा किलोमीटर चर खणले तर अठराशे घनमीटर. आकडा लहान दिसतो, पण एका पावसात ते दोन-तीनदा भरून जिरतात, आणि मुख्य म्हणजे माती खाली येत नाही, त्यामुळे नाला बांध पुन्हा भरत नाहीत. हे काम मजुरीचं असल्याने रोजगार हमीच्या ६०:४० च्या (साठ टक्के मजुरी, चाळीस टक्के साहित्य) गणितात सहज बसायचं. नाला बांधाचं सिमेंटचं काम त्यात नेहमी अडकायचं. माथा ते पायथा म्हणतात ते उगीच नाही. पण डोंगरावरच्या चरावर पाटी लावता येत नाही आणि फोटोत ते दिसतही नाहीत.

गाळाचं मात्र लगेच जमू शकतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये आली. सुरुवातीला सरकार मशीन आणि डिझेलचा खर्च द्यायचं, वाहतूक शेतकऱ्याची. २०२३ पासून अल्प-अत्यल्पभूधारकाला गाळ पसरायलाही अनुदान आहे, एकरी पंधरा हजारांच्या मर्यादेत आणि जास्तीत जास्त साडेसदतीस हजार. ग्रामपंचायतीच्या खिशाला झळ नाही. एप्रिलमध्ये मागणी करून उपयोग नाही, तेव्हा मशीन दुसऱ्या तालुक्यात असतं. जानेवारीतच ठराव आणि गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची यादी द्या.

आणि भिंत. ओढ्या-नद्यांचं पात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नुसार राज्य सरकारच्या मालकीचं. त्यावरचं पूरसंरक्षणाचं काम राज्याचं, भांडवली लेखाशीर्ष ४७११. शिवाय १५ व्या वित्त आयोगाने आपत्ती निधीचे दोन भाग केले, ऐंशी टक्के प्रतिसादासाठी आणि वीस टक्के सौम्यीकरणासाठी. सौम्यीकरण म्हणजे आपत्ती येण्याआधी करायची कामं. त्यात केंद्राचा वाटा ७५, राज्याचा २५. महाराष्ट्राला २०२०-२१ मध्ये दोन्ही मिळून ४,२९६ कोटी होते, देशात सर्वाधिक. पंचवीस आणि पंचाहत्तर मिळून शंभर झाले. ग्रामपंचायतीचा हिस्सा घालायला त्यात जागाच नाही. म्हणून म्हणालो, एक रुपयाही देऊ नका. मुंबई महापालिकेची गोष्ट वेगळी, तिचं स्वतःचं अंदाजपत्रक काही राज्यांएवढं. तरी २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडल्यानंतर पर्जन्यजल वाहिन्यांच्या कामाला तिनेही केंद्राकडून पैसा घेतला, आणि तो आराखडा १९९३ पासून तयार होता. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा वाशिष्ठीतला गाळ काढून घ्यायला चिपळूणकरांना उपोषणाला बसावं लागलं. मग जलसंपदाची यंत्रं आली. सांगायचं एवढंच की राज्याचा पैसा मिळतो, पण मागावा लागतो, आणि मागताना कागद लागतो.

तो कागद तुम्ही फुकट तयार करू शकता. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. सांगलीत आयर्विन पुलावर ४० आणि ४५. ही मोजमापं आहेत म्हणून तिथला पूर सिद्ध करता येतो. नद्यांना निळी रेषा असते, पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या ओढ्याला दोन्ही नाहीत, बहुतेक ओढ्यांना नसतात. मग वस्तीतल्या देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर पाणी जिथपर्यंत चढलं तिथे ऑइलपेंटने रेघ ओढा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा. तीन पुरांच्या तीन रेघा. म्हाताऱ्या माणसांना विचारून जुनी आठवण असेल तर चौथी. अभियंता येतो तेव्हा उच्चतम पूरपातळीसाठी त्याला नेमकं हेच लागतं, नाहीतर तो घरी बसून अंदाजाने आकडा टाकतो.

भिंत मागण्याआधी आणखी दोन गोष्टी बघा. ओढ्याची मूळ रुंदी गाव नकाशावर किती आहे आणि आज किती उरली आहे. बहुतेक ठिकाणी बारा मीटरचा ओढा पाच मीटरवर आलेला असतो, आणि काठावरचं अतिक्रमण काढायचं म्हटलं की सरपंचाच्या घरासमोर मोर्चा येतो. रस्त्यावरचं आणि मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने तुम्हाला आहे. पात्रातलं काढायचं तर तहसीलदारांकडे जा, ते सरकारी जमिनीवरचं. सीमांकनाची मागणी महसूलकडे लेखी करा. दुसरं, भिंतीने वस्तीतलं पाणी बाहेर कसं जाणार? भिंत ओढ्याचं पाणी अडवते, तशीच वस्तीवर पडलेला पाऊसही आत कोंडते. झडपेचा पाइप अंदाजपत्रकात आहे का ते विचारा. आणि पलीकडच्या काठावर कुणाची शेती आहे, तेही. एका काठाला भिंत म्हणजे दुसऱ्या काठाला जास्त पाणी. हे भांडण काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत झालेलं बरं.

राहिली देखभाल, जिच्यासाठी मी तुम्हाला खिशात हात घालायला सांगतोय. जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं, दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायचं ठरलं. त्यावर ९,६३३.७५ कोटी खर्च झाले, असं महालेखापालांच्या २०२० च्या अहवालात आहे. त्या अहवालाच्या राजकीय बाजूवर खूप चर्चा झाली, माझं लक्ष एका वेगळ्या निरीक्षणावर गेलं होतं. तपासलेल्या गावांत कामांच्या देखभालीसाठी उपकर लावलेला नव्हता आणि सरकारकडूनही त्यासाठी अनुदान आलेलं नव्हतं. माझे ते बावीस हजार इथे राज्यभर पसरलेले दिसले.

मी बघितलेल्या एका गावाने हे सोडवलं, तेही कुठल्याही योजनेविना. बंधाऱ्याच्या फुगवट्यात, म्हणजे अडलेल्या पाण्यात, उपशाच्या त्रेसष्ट मोटारी होत्या. ग्रामसभेने दर मोटारीला वर्षाला पाचशे रुपये ठरवले. भरले नाहीत त्याचं नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, बाकी काही नाही. पहिल्या वर्षी एकेचाळीस जणांनी भरले, वीस हजार पाचशे. ज्यांनी भरले नाहीत त्यात दोन माजी सदस्य होते, फळा वाचायला गर्दी झाली. दुसऱ्या वर्षी अठ्ठावन्न. त्यातून बरगे टाकणं-काढणं, रबर, ग्रीस आणि उन्हाळ्यात बरगे ठेवायच्या खोलीचं कुलूप एवढं भागतं. कमी पडतं तिथे ग्रामपंचायत स्वनिधीतून पाच-सात हजार घालते. तळं राखील तो पाणी चाखील, ही म्हण आपण नेहमी वाकड्या अर्थाने वापरतो. त्या गावात पाणी चाखणाऱ्यांनाच राखायला लावलं होतं.

ग्रामपंचायतीचा पैसा दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च केला म्हणून लेखापरीक्षणात आक्षेप येऊ नये, तर जिल्हा परिषदेच्या कार्यकारी अभियंत्यांकडून एक पत्र घ्या: सदर बंधाऱ्याचे बरगे टाकणे-काढणे व किरकोळ देखभाल ग्रामपंचायतीने करण्यास हरकत नाही, मालकी जिल्हा परिषदेची राहील. हा शेवटचा अर्धा भाग गाळून पत्र देऊ केलं तर घेऊ नका. काठ दुरुस्त होण्याआधी पूर्ण हस्तांतरण पत्करलंत तर वीस लाखांची दुरुस्ती तुमच्या नमुना २२ मध्ये येऊन बसेल. आधी दुरुस्ती, मग हस्तांतरण, आणि तेही बरगे मोजून.

बरगे मोजून म्हणतोय ते शब्दशः. शाखा अभियंत्याला फोन करण्याआधी बंधाऱ्याचे गाळे मोजा आणि एका गाळ्यात किती बरगे चढतात ते बघा. बारा गाळे आणि गाळ्याला पाच असतील तर साठ लागतात. मग शाळेच्या मागे, तालमीत, कुणाच्या गोठ्यावर छप्पर म्हणून टाकलेले, जिथे असतील तिथे जाऊन ते प्रत्यक्ष मोजा. चाळीस भरले तर उरलेल्या वीसची किंमत काठाच्या अंदाजपत्रकातच धरायला सांगा. नंतर सुटे बरगे मागायला गेलात की पुन्हा ते ‘देखभाल’ होतात.